बसला म्हणजे जमला नव्हे
(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण मोटारसायकलविषयी बोलणार आहोत. पूर्वी दाराशी बंडी असे, बैलजोडी असे. आज पुष्कळ दारांशी मोटारसायकल उभी दिसते. काटोलकडची संत्री, भिवापूरकडची मिरची, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, माहेरी निघालेली लेक, सारे तिच्यावरूनच जातात. घरच्या बैलाची जशी काळजी घेतो, तशी हिचीही घ्यायला हवी.

गाडी जुनी झाली की भाग झिजतात. नवा भाग महाग वाटतो. मग कोणी तरी म्हणतो, "अरे, भंगारात दुसऱ्या कंपनीची गाडी पडली आहे. तिचं चाक काढ आणि हिला लाव. झालं काम!"

कधी कधी काम खरोखरच होतं. पैसे वाचतात. गाडी धावते. पण कधी कधी वाचलेल्या पैशांच्या दसपट पैसे दवाखान्यात जातात.

तेव्हा प्रश्न असा आहे. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कधी चालतो आणि कधी चालत नाही? हे ओळखायचं कसं? तुम्ही आता वाचायला शिकलात. आकडे ओळखू लागलात. हे काम त्याच विद्येचं आहे.

बंडीचं चाक आणि मोटारीचं चाक

आपली बंडी सुतार घडवतो. डोळ्यांनी अंदाज घेतो, तासतो, ठोकतो, पुन्हा तासतो. लोहार तापवलेली धाव चाकावर चढवतो. एका बंडीचं चाक काढून दुसऱ्या बंडीला लावा. जसंच्या तसं बसेल का? बहुधा नाही. थोडं तासावं लागेल. कारण प्रत्येक बंडीचं माप तिच्यापुरतं.

सुरुवातीच्या मोटारगाड्याही अशाच होत्या. कारागीर कानस घेऊन एकेक भाग घासत बसे. एका गाडीचा भाग दुसरीला लागत नसे.

मग १९०८ साली एक नवल घडलं. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी इंग्लंडमध्ये परीक्षेसाठी घेतल्या. तीनही पार खोलून टाकल्या. सगळ्या भागांचा एकच ढीग केला. त्यातले काही भाग काढून त्यांच्या जागी दुकानातले नवे भाग टाकले. नंतर त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जोडल्या. हत्यारं दोनच, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. कानस लावायची नाही. तीनही मोटारी सुरू झाल्या आणि प्रत्येकीने ५०० मैलांची धाव पुरी केली. म्हणजे साधारण ८०० किलोमीटर. नागपूरहून मुंबई गाठावी एवढी.

हे कशामुळे झालं? मापामुळे. प्रत्येक भाग एकाच मापाचा घडवला होता. अंदाज नव्हता.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या तीनही मोटारी एकाच नमुन्याच्या होत्या. नमुना वेगळा असता तर ढीग तसाच पडून राहिला असता.

एका घराण्यातल्या गाड्या

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. १९८४ साली हीरो होंडा ही कंपनी निघाली. १९८५ साली तिने सीडी १०० ही मोटारसायकल आणली. १९९४ साली स्प्लेंडर आली. २००१ साली पॅशन आली. पुढे होंडा वेगळी झाली आणि २०११ पासून कंपनीचं नाव हीरो मोटोकॉर्प झालं. पण खेड्यापाड्यांत अजून लोक हीरो होंडाच म्हणतात.

या गाड्यांची नावं वेगळी, टाक्या वेगळ्या, दिवे वेगळे. पण इंजिन एकाच घराण्याचं. त्यात पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, ती नळी ५० मिलिमीटर रुंद. पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. त्यावरून ९७.२ सीसी हा आकडा येतो. लोक त्याला शंभर सीसी म्हणतात. घराणं एक असल्यामुळे या गाड्यांच्या इंजिनाचे बरेच भाग एकमेकींना लागतात. मिस्त्री हे अनुभवाने जाणतात.

पण बरेच म्हणजे सगळे नव्हेत. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचा नवा नियम लागू झाला. त्याला बीएस-सहा म्हणतात. त्यासाठी नव्या स्प्लेंडरमधून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटं यंत्र विजेच्या हिशेबाने ठरवतं. जुन्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर नव्या स्प्लेंडरला लागणार नाही. नाव तेच, रूप तेच, पोटातली रचना निराळी. म्हणून भाग घेताना गाडीच्या नावाबरोबर तिचं सालही सांगावं.

आणि दुसऱ्या घराण्याची गाडी असेल तर? एकाने मला विचारलं, "गुरुजी, दोन्ही गाड्या शंभर सीसीच्याच. मग काहून नाही बसत?" मी म्हणालो, "भाऊ, दोन माणसांचं वजन सारखं म्हणून एकाची वहाण दुसऱ्याच्या पायात येते का?" सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटाचं माप. बोल्टाची जागा, आट्यांची जाडी, दात्यांची संख्या त्यावरून कळत नाही.

आकडा वाचा

मग कळतं कशावरून? भागावरच्या आकड्यावरून. हे आकडे बहुधा इंग्रजी असतात. शून्य ते नऊ, अवघे दहा. ज्यांना अजून येत नसतील त्यांनी आठ दिवसांत शिकून घ्यावेत.

बेअरिंगचं उदाहरण घ्या. चाकाच्या मध्यभागी बेअरिंग असतं. त्याच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. समजा, तुमच्या गाडीच्या बेअरिंगवर ६३०१ लिहिलं आहे. दुकानदाराने ६२०१ काढून दिलं. दोन्हींच्या मधलं भोक १२ मिलिमीटर. एक्सल दोन्हींत सहज जातो. तुम्हाला वाटतं, बसलं.

पण ६३०१ ची बाहेरची रुंदी ३७ मिलिमीटर आहे आणि ६२०१ ची ३२. पाच मिलिमीटरची पोकळी राहिली. आता कोणी तिथे पत्र्याची पट्टी ठोकून देईल. चार दिवस गाडी चालेलही. मग पट्टी सरकेल, चाक डुलू लागेल.

पाहा, चार आकड्यांत एका आकड्याचा फरक. तीनच्या जागी दोन. ज्याला वाचता येत नाही त्याला तो दिसत नाही. तुम्हाला दिसेल.

टायरही तसाच. टायरच्या बाजूवर २.७५-१८ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, इंचांत. दुसरा आकडा रिंगचा व्यास, तोही इंचांत. १८ च्या रिंगला १८ चाच टायर. १७ चा चालत नाही. आणि पुढचं चाकच लहान लावलं तर आणखी एक घोटाळा होतो. बऱ्याच गाड्यांत वेग दाखवणारा काटा पुढच्या चाकावरून फिरतो. चाक लहान झालं की ते जास्त फेरे घेतं आणि काटा खोटं बोलू लागतो.

प्लग पाहा. एका प्लगचे आटे १० मिलिमीटर जाडीचे, दुसऱ्याचे १४. हा फरक लगेच कळतो, कारण तो बसतच नाही. पण आट्यांची लांबीही वेगवेगळी असते. कुणाची १२.७ मिलिमीटर, कुणाची १९. जाडी जमली, पण लांबी जास्त निघाली, तर प्लगचं टोक आत फार पुढे जातं. पिस्टन त्यावर आदळतो. पन्नास-शंभर रुपयांच्या चुकीपायी सारं इंजिन खोलावं लागतं.

चेन आणि दाते

आता थोडं गणित करू. इंजिनाजवळ एक लहान दातेरी चक्र असतं. मागच्या चाकाला मोठं असतं. मधे चेन. समजा, लहान चक्राला १४ दाते आहेत आणि मोठ्याला ४२. ४२ ला १४ ने भागा. उत्तर ३. म्हणजे लहान चक्र तीन वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं.

आता कोणी दुसऱ्या गाडीचं ३५ दात्यांचं चक्र मागे बसवलं. ३५ भागिले १४, उत्तर अडीच. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरलं. तरुण पोरांना आनंद होतो, गाडी पळते! पण ओढ कमी झाली. दुधाचे दोन भरलेले कॅन बांधून चढावर निघा. इंजिन कण्हू लागेल. क्लचप्लेट लवकर जळतील. ओझं वाहणाऱ्याच्या हे कामाचं नाही.

चेनलाही आकडा असतो. ४२८ क्रमांकाच्या चेनमध्ये एका कडीच्या पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असतं. ५२० च्या चेनमध्ये ते सुमारे १५.९ असतं. एकीची चेन दुसरीच्या दात्यांवर नीट बसत नाही. आणि चेन झिजली की दोन्ही चक्रं तिच्याबरोबरच बदलावीत. झिजलेले दाते नवी चेनही लवकर खाऊन टाकतात.

ब्रेकशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाचं सांगतो. कान देऊन ऐका.

आमच्या भागातल्या एका दूधवाल्या भावाची गोष्ट आहे. त्याच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात वाकलं. एका कारागिराने त्याला दुसऱ्या नमुन्याच्या गाडीचं जुनं चाक बसवून दिलं. एक्सल त्यातून गेला. बाजूला जागा उरली, तिथे दोन वॉशर घातले. ब्रेकची तार जोडली. चाक फिरवून पाहिलं. छान फिरलं. भाऊ खूश झाला.

तो निघाला, तेव्हा दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला हाक मारली.

"भाऊ, थांब जरा. ही खाच कुठे गेली?"

"कोणती खाच, काका?"

"ब्रेकच्या झाकणाची. शॉकअपच्या नळीवर हा उंचवटा आहे ना, तो झाकणाच्या खाचेत बसावा लागतो. तुझ्या नव्या चाकाच्या झाकणाला खाच भलतीकडेच आहे. उंचवटा मोकळाच राहिला."

"पण चाक तर फिरतंय!"

"फिरतंय रे. थांबताना काय होईल ते पाहा."

मिस्त्रीने गाडी हातानेच ढकलली आणि पुढचा ब्रेक दाबला. ब्रेकशूने चाकाला धरलं. पण झाकणाला कुणीच धरलेलं नव्हतं. म्हणून चाकाबरोबर झाकणही फिरलं. त्याने ब्रेकची तार स्वतःभोवती गुंडाळली. तार जितकी ताणली तितका ब्रेक आणखी आवळला. चाक जागीच अडकलं.

ढकलत्या गाडीचं हे झालं. चाळीसच्या वेगाने जाताना झालं असतं तर? भाऊ हॅंडलवरून पुढे फेकला गेला असता. मागे दुधाचे कॅन, त्याच्याही मागे ट्रक. त्याच्या घरी बायको आणि दोन लेकरं. पुढचं मी सांगत नाही.

मिस्त्रीने ते चाक उतरवलं. भावाने त्या दिवशी दूध सायकलवर नेलं. आठवड्याने पैसे जमवून आपल्याच नमुन्याचं चाक आणलं.

यावरून शिकायचं ते हे. एखादा भाग बसतो, फिरतो, तरीही तो जमलेला नसतो. त्याची खरी परीक्षा जोर पडल्यावर होते. ब्रेकमध्ये आणखी बाबी आहेत. काही गाड्यांचा ब्रेकचा ड्रम ११० मिलिमीटरचा, काहींचा १३०. शू एकाचे दुसऱ्यात घालून भागत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ब्रेकचा वेगळा नियम आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी जोडणी बहुधा असते. त्याहून मोठ्या गाडीत चाक घसरू न देणारी एबीएस नावाची व्यवस्था असते. दुसरं चाक घातलं की ही जोडणी तुटते.

म्हणून ब्रेक, चाक, हॅंडल आणि पुढचे शॉकअप या चार जागी दुसऱ्या नमुन्याचा भाग नको. वॉशर घालून, ठोकून, वेल्डिंग करून तर मुळीच नको.

दिवा आणि तार

काहींना दिव्याची फार हौस. मोठ्या गाडीचा दिवा लहान गाडीला लावतात. थोडा हिशेब पाहा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. दिवा ३५ वॉटचा. ३५ भागिले १२, म्हणजे तीन अँपिअरहून थोडी कमी वीज तारेतून जाते. दिवा १०० वॉटचा लावला तर आठ अँपिअरहून जास्त. तार मात्र तीच, बारीक. ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं. जवळच पेट्रोलची टाकी. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात तो तोटा वेगळाच.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्या जागी जाड तार गुंडाळतो. फ्यूज हा घरच्या कुत्र्यासारखा आहे. तो भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधू नये. चोर कुठे आहे ते पाहावं.

मग काय चालतं?

सगळंच वर्ज्य आहे असं समजू नका. आरसा, हॅंडलची मूठ, सीटचं कव्हर, तेवढ्याच व्होल्टचा भोंगा, चिखल अडवणारं रबर, असे भाग एका गाडीचे दुसरीला लावायला हरकत नाही. तिथेही पाहून घ्यावं. काही आरशांचे आटे ८ मिलिमीटरचे, काहींचे १० चे, आणि काहींचे तर उलटे फिरणारे असतात. नट हाताने दोन-तीन फेरे सहज फिरला पाहिजे. सुरुवातीलाच पान्याचा जोर लागला, तर आटे जुळत नाहीत असं समजा. जोर कराल तर दोन्हीकडचे आटे मरतील.

कागदाची बाजू

आता कायद्याविषयी थोडं.

तुमच्या आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहिलेला असतो. तेच नंबर गाडीवरही कोरलेले असतात. नागपूर ग्रामीणच्या गाडीचा क्रमांक एमएच ४० ने सुरू होतो. शहराचे ३१ आणि ४९. गाडीची ओळख या नंबरांनी पटते.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचं कलम ५२ सांगतं की, कारखान्याने दिलेलं आणि आरसीवर नोंदलेलं गाडीचं मूळ रूप मालकाने बदलू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षी कायदा सुधारला. आता असा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणाऱ्या पोरांनी हे ऐकून ठेवावं.

भिऊ नका. झिजलेला भाग काढून त्याच जातीचा नवा घालणं म्हणजे फेरबदल नव्हे. ती दुरुस्ती आहे. पण इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. जुनं इंजिन विकत घेताना पावती मागा. पावती नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. स्वस्तात घेतलं म्हणून आनंद होतो, आणि पुढे चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

विम्याचंही तेच. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस येऊन गाडी तपासतो. आरसीवर एक नंबर आणि इंजिनावर दुसरा असेल, तर भरपाई अडते. कमावता माणूस अंथरुणावर आणि पैसा कागदात अडकलेला, अशी पाळी घरावर येऊ नये.

एवढं लक्षात ठेवा

१. भाग घेताना गाडीचं नाव, नमुना आणि साल सांगा.
२. जुना भाग बरोबर न्या. त्यावरचा आकडा नव्या भागाशी ताडून पाहा. एकही आकडा वेगळा असेल तर विचारा.
३. ब्रेक, चाक, हॅंडल आणि पुढचे शॉकअप आपल्याच नमुन्याचे घाला.
४. जोर करून बसवलेला भाग घेऊ नका.
५. इंजिन बदलाल तर मंजुरी, पावती आणि आरसीवर नोंद, तीनही हवीत.

मिस्त्रीला प्रश्न विचारायला संकोच करू नका. "हा भाग कोणत्या गाडीचा? याचा आकडा काय? माझ्या गाडीचा आकडा काय?" हे तीन प्रश्न पुरेत. चांगल्या मिस्त्रीला ते आवडतात.

आता घरी गेल्यावर करायचा अभ्यास सांगतो. वहीचं एक पान घ्या. वर आपल्या गाडीचं नाव आणि साल लिहा. टायरवरचा आकडा वाचून लिहा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहा. मग गाडीवरचे नंबर शोधा. कोरलेला नंबर चिखलाने दिसत नसेल तर फडक्याने पुसा. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, तसा नंबराचा छाप उठेल. तो वहीतल्या आकड्यांशी जुळवून पाहा.

घरात गाडी कोणीही चालवो, हे पान घरधनिणीनेही वाचावं आणि ते कुठे ठेवलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं. पुढच्या सोमवारी पान घेऊन या. ज्याचे आकडे जुळणार नाहीत त्याने घाबरू नये. आपण मिळून पाहू.